शांताची रेघ

शांता गेल्याचा निरोप घेऊन तिचा भाचा कारखान्यात आला, तेव्हा मी रेनकोटाच्या बाह्यांचे जोड तपासत होते. निरोप अनपेक्षित नव्हता. आदल्या रविवारीच तिला भेटून आले होते. पनवेलच्या बाजारामागच्या गल्लीत, दवाखान्याच्या वरच्या खोलीत ती उशीला टेकून बसली होती. आवाज बारीक झालेला, पण डोळे तेच, बोलणाऱ्याचं बोलणं सोडून चेहरा वाचणारे. माझा गुडघा, तिचं पथ्य, भाच्याची नोकरी, असं सगळं बोलून झालं आणि मग ती एकदम म्हणाली, "तारा, एक सांग. विचुंब्याची हिरा रेघेच्या बाहेरच बसायची ना गं?" मी म्हटलं, "हो." तिने मान हलवली, डोळे मिटले... आमचं शेवटचं बोलणं ते. आणि मी खोटं बोलले होते.

शांता आणि मी एका बाकावर शिकलो. ती पुढे मुंबईला जाऊन डॉक्टर झाली, मी लग्न करून पनवेलातच राहिले. मुंबईच्या इस्पितळात ती सांध्यांना विजेचा शेक देण्याच्या विभागात होती. तिथे शेक देणाऱ्या एका परिचारिकेच्या बोटांची संवेदना गेली, आणि का गेली ते कुणालाच नीट सांगता आलं नाही, हे तिच्या मनात रुतून बसलं होतं. वडिलांच्या आजारपणात ती पनवेलला परतली, दवाखाना काढला आणि इथलीच झाली. तोवर माझे यजमान गेले होते. पुण्याच्या रस्त्याला प्लास्टिकचे रेनकोट करणारा एक छोटा कारखाना निघाला, आणि शेठजींनी मला तिथल्या बायकांवर देखरेखीला ठेवलं. त्या बायका बसत ती खोली माझी होती. आयुष्यात पहिल्यांदा एखादी जागा माझ्या शब्दावर चालत होती.

प्लास्टिकचे दोन कागद एकावर एक ठेवायचे, वरून पितळी पट्टी दाबायची, पायाखालचा खटका दाबायचा की क्षणात जोड बसे. जाळ नाही, धूर नाही. बायका त्या यंत्राला 'बिनजाळाची चूल' म्हणत. थंडीच्या दिवसांत सकाळी आल्या की आधी त्याच्याजवळ हात शेकून घ्यायच्या. मी एकदा हसत हसत हे शांताला सांगितलं, तर तिच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "अगं, तो शेक बाहेरून लागत नाही, आतून लागतो," ती म्हणाली. "कातडीला कळेपर्यंत आतलं भाजून निघालेलं असतं. मला ते यंत्र बघू दे."

शेठजींनी आनंदाने परवानगी दिली. दर गुरुवारी दवाखाना बंद असे, त्या दिवशी शांता येऊ लागली. येताना दुकानात लावतात तसली एक ट्यूब पिशवीतून घेऊन यायची. खिडक्या लावायला सांगायची, ट्यूब नुसती हातात धरायची आणि दारापासून यंत्राकडे सावकाश चालत जायची. कुठलीही तार न जोडता ती ट्यूब तिच्या हातात उजळायची! बायका तोंडाला पदर लावून बघत राहायच्या. यंत्राचा शेक पोचतो तिथवरच ती पेटते, असं सांगून जिथे उजेड दिसायला लागे तिथे शांता खडूने फरशीवर रेघ मारी. रेघेच्या आत बसणाऱ्या एकीकडे, बाहेर घड्या घालणाऱ्या दुसरीकडे. मग एकेकीला डोळे मिटायला लावून बोटांना कापूस लावून बघायची, सुईचं टोक टेकवायची, झोप कशी लागते, डोकं दुखतं का, डोळे चुरचुरतात का, सगळं विचारायची. "डॉक्टरीणबाय, नवरा कसा हाय ते पन इचारा की," विचुंब्याहून कामाला येणारी हिरा म्हणायची. "ते दुखणं जुनाट आहे गं, त्यावर माझ्याकडे औषध नाही," शांता म्हणायची, आणि खोली हसून घ्यायची. आतल्यांची बोटं बधिर आणि बाहेरच्यांची चांगली निघाली, तर दोष यंत्राचा. इतका सरळ तिचा विचार होता.

आता मी काय केलं ते सांगते.

यंत्रावर तांब्याच्या जाळीचं एक झाकण होतं. ते लावलं की ट्यूब यंत्राला अगदी खेटल्याशिवाय पेटत नसे. पण झाकणामुळे बाह्या झटकन आत सरकवता येत नसत, काम मंदावे, नगावर मजुरी घेणाऱ्या बायका कुरकुरत. म्हणून ते एरवी कपाटामागे पडलेलं असायचं. बुधवारी संध्याकाळी मी ते बाहेर काढून पुसून लावून ठेवायची. शेठजींनी सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. पाहुणा येणार म्हटलं की माझी आई फाटक्या गोधड्या पलंगाखाली सारायची, धुतलेल्या चादरी घालायची. आम्ही सगळे तसेच वाढलो. शांता डॉक्टर होऊन आली होती. निदान माझी खोली तिला नीटनेटकी दिसावी, एवढंच मनात होतं. आणि ज्यांच्या बोटांना फोड असत, फडकी गुंडाळलेली असत, त्यांना मी गुरुवारी यंत्रावरून उठवून दाराजवळ घड्या घालायला बसवायची. हिरा त्यांत पहिली. तिच्या जागी धडधाकट हाताच्या मुली.

शांताने तिला एकदा विचारलंही होतं, "तू रोज इथेच बसतेस का गं?" हिराने माझ्याकडे पाहिलं. "आमी काय बाय, जितं बसवतील तितं बसताव." शांता हसली आणि पुढच्या बाईकडे वळली. मी खडूचे तुकडे गोळा करत होते... तेव्हा बोलता आलं असतं.

रेघेबाहेरच्यांचीच बोटं जास्त बधिर निघाली. शांताने ते चारचारदा पडताळलं, खिन्न झाली, आणि प्रामाणिकपणे शेठजींना सांगितलं की आपल्याला यंत्राचा दोष दिसला नाही. ठाण्याला डॉक्टरांच्या सभेतही तिने तेच वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी शेठजींनी जाळीचं झाकण भंगारात काढलं. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय म्हटल्यावर ते कशाला ठेवायचं? मी ते हातगाडीवर चढताना बघितलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी नुसतं आवरलं नव्हतं.

पुढे हिराच्या बोटांना काहीच कळेनासं झालं. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती हसत सांगत होती, नातवाला मासा भरवताना काटा हाताला लागला नाही, पोराच्या घशात गेला. "नशीब, भाताचा गोळा गिळला न् उतरला. आता सून म्हनते, आत्याबाय, तुमी नका भरवू." सगळ्या हसल्या. तीही हसली. मग बराच वेळ ती आपली बोटं एकमेकांवर घासत बसली. मी ते शांताला सांगितलं नाही, पण तिच्या कानावर गेलंच. त्यानंतर ती भेटली की म्हणायची, "माझं कुठेतरी चुकलंय, तारा. कुठे ते सापडत नाही." इतकी वर्षं ती स्वतःच्या पाहण्यात चूक शोधत राहिली. माझ्यात शोधायचं तिच्या मनातही आलं नाही. त्या शेवटच्या रविवारीसुद्धा ती मला शब्दात पकडत नव्हती, आधार मागत होती. मी तिला तो दिला, खोटा.

तेरावं झाल्यावर भाच्याने मला वरच्या खोलीत नेलं. "मावशी, तुम्हाला काही आठवण हवी तर घ्या." कोपऱ्यात, भिंतीला टेकून, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली ती ट्यूब उभी होती. मी ती घेतली आणि सोमवारी, आवराआवर न केलेल्या दिवशी, कारखान्यात गेले. हिराला तिच्या रोजच्या जागेवर, यंत्रावर बसवलं. खिडक्या लावल्या. उंबरठ्यावर उभी राहून ट्यूब हातात धरली, आणि हिराने खटका दाबताच ती तिथेच, दारातच, लख्ख उजळली. आत पाऊल टाकायची गरजच पडली नाही. सगळी खोली रेघेच्या आत होती, घड्या घालणाऱ्यासुद्धा. हिरा म्हणाली, "ताराबाय, रडताव कशाला? पेटली ना?"

मी शेठजींना सगळं सांगितलं आहे. ठाण्याच्या ज्या डॉक्टरांनी शांताचं ते वाचन ऐकलं, त्यांच्यासाठी हे इथे लिहिते आहे: तिचं निरीक्षण चोख होतं, तिला दाखवलेली खोली खोटी होती. नवी जाळी बसेपर्यंत यंत्र बंद आहे. हिरा घड्या घालते, या वेळी खरोखर.

उंबरठ्यालगत मी खडूने रेघ ओढली आहे. झाडलोट करणाऱ्या बाईला सांगितलं आहे, गुरुवार असो की कुणी पाहुणा येवो, तेवढी सोडून पूस.