पट्ट्या सोडायच्या राहिल्या
संत्र्याचा पाला हातात चुरगळला की त्या वासाने मी अकोल्याच्या कॉलेजातल्या रोपवाटिकेत जाते. उद्यानविद्येच्या तिसऱ्या वर्षी माझ्या मैत्रिणीने जंबेरी लिंबाच्या रोपांवर संत्र्याचे डोळे प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून बारा कलमं केली, आणि त्याच आठवड्यात घरच्यांनी लग्न ठरवून तिचं शिक्षण थांबवलं. जाताना म्हणाली, “महिन्याभरानं माह्या कलमाच्या पट्ट्या सोडजो वं, नाही तं गळा आवळते त्याईचा.” स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात मी विसरले. आठवलं तेव्हा प्लास्टिक सालीत रुतलं होतं. हात लावताच बाराही कोंब मोडले. त्याच परीक्षेमुळे आज मी अमरावतीत फलोत्पादन अधिकारी आहे. काल इतक्या वर्षांनी भातकुलीहून तिचा फोन आला. “माह्या झाडाईले संत्रे लागले का वं?” मी हो म्हटलं. “मंग रविवारी पोरीले घेऊन येतो पाह्याले.”