पुसलेला तारा

नातीच्या शाळेत ओल्या फळ्याचा वास आला आणि मला सेलूचा नववीचा वर्ग आठवला. सत्तरच्या दशकात मी तिथं विज्ञान शिकवायचे. तारा फुटला की क्ष-किरणांहून जहाल गॅमा किरण सुटतात, असं सांगत मी आकृती काढत होते. तेवढ्यात हेडमास्तर आत आले. आमचं घर बौद्ध झालेलं त्यांना खुपायचं.

"तुमी लोकांनी आधी देव बाहेर काढले, आता तारे फोडायलात का?" म्हणत त्यांनी आकृती पुसली.

"तुमी मानलं न्हाई तरी तारे फुटतात, सर," मी म्हणाले आणि आकृती पुन्हा काढली. ते दार आपटून गेले.

संध्याकाळी मी वह्या तपासल्या. एकाही मुलानं आकृती उतरवली नव्हती. तेव्हा मला हेडमास्तरांचा संताप आला होता. आज त्या कोऱ्या पानांचा जास्त येतो.