नकाशाचं बाकडं

तिघं येणार हे तिला आदल्या दिवशीच फोनवर कळलं होतं, आणि का येणार तेही. मैदानाच्या कडेला तिच्या नवऱ्याच्या आठवणीसाठी एक बाकडं बसवायचं होतं. "वहिनी, तुम्हाला विचारल्याशिवाय आम्ही काही म्हणजे काही करणार नाही," असं पाटीवाला फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होता. इतक्या वेळा सांगतोय म्हणजे हा काहीतरी करून बसलाय, हे तिनं तेव्हाच ओळखलं.

पाटीवाला म्हणजे डॉक्टर-वकिलांच्या दारांवरच्या पितळी पाट्या कोरणारा. रविवारी दुपारी तो दारात आला तो एक कापडी पिशवी छातीशी धरूनच. त्याच्या मागून पोस्टमन आला. तो निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण दार उघडलं की अजूनही आधी दारावरचा नंबर वाचायचा. सगळ्यात शेवटी वारा. हे त्याचं फुटबॉलच्या मैदानातलं नाव. तरुणपणी उजव्या कडेनं एकदा सुटला की कुणाच्या बापाला सापडायचा नाही. आता तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो आणि दिवसभर शेजारी बसून लोकांना "हळू, हळू" म्हणत असतो, यावर मित्रमंडळी अजून हसतात.

"या, बसा. पिशवी ठेवा ना टेबलावर," ती म्हणाली.

"असू दे, वहिनी. जड नाहीये."

"मग अशी काय धरलीय? अंडी आहेत का आत?"

पोस्टमन खो-खो हसला. पाटीवाला हसला नाही. त्यानं पिशवी मांडीवर घेतली आणि वर हात ठेवला.

तिघंही घरात नेहमीचे, तरी आज पाहुण्यांसारखे अंग चोरून बसले होते. खोलीच्या चार भिंती चार रंगांच्या होत्या. तिचा नवरा रंगांच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा आणून म्हणायचं, हा रंग हवा. मग तो डब्यात थोडं हे, थोडं ते घालून ढवळायचा, डाव्या अंगठ्याच्या नखावर एक ठिपका लावायचा आणि दारातल्या उजेडात जाऊन बघायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्या नखावरून कळायचं, आज गावात कुणाचं काय रंगणार आहे. लोकांना कधी रंग पसंत पडायचा नाही, कधी डबा उरायचा. असा डबा मग घरी यायचा. दर्शनी भिंतीचा फिकट हिरवा एका दातांच्या डॉक्टरनं परत केलेला, आणि स्वयंपाकघरातला निळा एका हॉटेलवाल्याला फार उदास वाटलेला. तिला तो कधी उदास वाटला नव्हता.

ती चहा घेऊन आली. कप प्रत्येकाच्या समोर ठेवताना तिला वाटून गेलं की तो असता तर असे ठेवले नसते. तो कप कधी समोर ठेवायचा नाही. तुम्ही पेपर वाचत असाल, तर पान संपवून हात जिथे खाली येईल तिथे कप असायचा. लग्नानंतर सुरुवातीला तिला या प्रकाराचा वैताग यायचा. "किल्ल्या कुठे ठेवल्यास?" विचारलं की म्हणायचा, "निघशील तेव्हा सापडतील." आणि सापडायच्याही, चपला घालायला वाकलं की बरोबर नाकासमोरच्या कट्ट्यावर.

"रेल्वेविरुद्धची मॅच आठवते?" पोस्टमननं सुरुवात केली. ती त्याला दर वेळी आठवायची.

"विसरायला वेळ कधी दिलास तू?" पाटीवाला म्हणाला.

"वहिनी, तीन जण अंगावर आलेले. तीन! आणि हा मैदानाच्या मधोमध उभा. घाई नाही, गडबड नाही. पोस्टात तिकिटाच्या रांगेत उभं राहावं तसा. आम्ही इकडून बोंबलतोय, अरे दे, दे! तर यानं कधीच दिलेला! आम्ही आपले याच्या पायांकडे बघतोय आणि चेंडू तिकडे वाऱ्यापाशी, गोलच्या तोंडाशी."

"म्हणून तर याचं नाव नकाशा," पाटीवाला म्हणाला. "सगळं मैदान याच्या डोक्यात. कोण कुठे आहे एवढंच नाही, कोण कुठे असेल तेही."

 वारा चहात बिस्किट बुडवत होता आणि ते मोडून पडेपर्यंत बाहेर काढत नव्हता.

पुढची गोष्टही तिला पाठ होती. राजधानीच्या मोठ्या क्लबनं नकाशाला बोलावून घेतलं. अर्धं गाव बस स्टँडवर निरोप द्यायला. आता हा देशाकडून खेळणार, पेपरात फोटो येणार. आणि मोसम संपायच्या आत गडी परत. का, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्यामुळे ते सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं.

"गुडघा," पोस्टमन म्हणाला. "मी तेव्हाच म्हणालो होतो, हा उजव्या पायावर भार देत नाहीये."

"कसला गुडघा! तिथल्या कोचचा भाचा होता त्याच जागेवर. राजकारण झालं, सरळ राजकारण."

"काही असो. केवढा माणूस झाला असता! आणि काही लोक तर म्हणायचे की…" पोस्टमनला अचानक आपण कुठे बसलोय ते आठवलं. त्यानं अख्खं बिस्किट तोंडात कोंबलं.

"की लग्न नडलं," तिनं वाक्य पुरं केलं.

"छे छे, वहिनी! कोण म्हणतं?"

"वाण्याकडे म्हणायचे, दवाखान्यात म्हणायचे. मी दिसले की माना हलायच्या. तो परत आला त्याच्या पुढच्या वर्षी मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. बाबांच्या फाटकाला रंग न्यायला गेले होते. पण हे कुणाकुणाला सांगत फिरू?"

हे ती इतक्या वर्षांत इतक्यांदा मनाशी बोलली होती की आता ते तोंडातून सहज निघालं. पण तिच्या पोटात दुसरंच काही होतं, ते तिनं सांगितलं नाही. मुलगी रांगत होती तेव्हा आणखी एका क्लबचा निरोप आला होता. मोठ्या नव्हे, मधल्या. घर देऊ म्हणाले होते. त्यानं मुलीला उचलून खांद्यावर टाकलं, "इथे बरं आहे," म्हणाला आणि दुकानात निघून गेला. तिनं पुन्हा विषय काढला नाही. विचारलं असतं आणि उत्तर भलतंच आलं असतं तर? शेजारी झोपलेला माणूस कशाच्या बदल्यात शेजारी झोपलाय, हे न कळलेलंच बरं, असं तिला वाटायचं. तो गेल्यावर मात्र तेच आठवून जाग यायला लागली होती.

"काढा आता ती पाटी बाहेर," ती पाटीवाल्याला म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "वहिनी, म्हणजे, हात शिवशिवत होते हो. म्हटलं नमुना म्हणून एक…"

"काढा."

पितळेची पाटी टेबलावर आली. काठावर बारीक वेल, मधे घोटीव अक्षरं. 'आमचा नकाशा. फार मोठा झाला असता.'

तिनं ती दोनदा वाचली. अक्षरांवरून बोट फिरवलं.

"कोरलंय सुंदर," ती म्हणाली. पाटीवाल्याचा जीव भांड्यात पडतोय तोच तिनं पाटी त्याच्याकडे सरकवली. "पण हे बाकड्यावर लागणार नाही."

"अहो, कौतुकानंच…"

"कौतुक कळतं मला. पण उद्या कुणी परका माणूस तिथे टेकेल आणि हे वाचेल. त्याला काय कळेल? एक जण होता, तो काहीतरी व्हायचा राहिला. मग जो झाला तो कोण? दुकानातून यायचा, मुलीला सायकल शिकवायचा, माझ्याशी भांडायचा, तो कोण होता? तुमच्या त्या मोठ्या माणसातून उरलेला?" बोलता बोलता तिची नजर हिरव्या भिंतीकडे गेली. "डब्यात उरलेल्या रंगासारखा?"

 पोस्टमननं रिकामा कप उचलून पुन्हा ठेवला.

"गुडघा नव्हता," वारा म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मी गेलो होतो तिकडे एकदा. त्याला न सांगता. जाळीच्या बाहेर उभा राहून मॅच बघितली." तो अजून कपातच बघत होता. "तो चेंडू द्यायचा आणि तिथे कुणीच नसायचं. चेंडू आपला एकटाच घरंगळत बाहेर. एकदा, दोनदा, दहादा. लोक हसायला लागले. एक जण म्हणाला, याला चष्मा द्या. तिथले खेळाडू वाईट नव्हते हो, माझ्यापेक्षा चांगलेच होते. पण त्यांना चेंडू थेट पायात हवा असायचा. आणि हा द्यायचा पुढे, माणूस जिथे पोचेल तिथे. तिथे पोचायचं असतं हे त्यांना माहीतच नव्हतं. हा बिचारा सवयीनं ओरडायचा, 'आहेस ना?' आणि ते एकमेकांकडे बघायचे, हा कुणाला विचारतोय?"

तिचा हात किटलीवर होता तो तिथेच राहिला. "काय ओरडायचा?"

"आहेस ना. इथे मलाही तेच विचारायचा, माझ्याकडे न बघता. चेंडू सोडायच्या आधी, दर वेळी."

"आम्हाला कधी ऐकू नाही आलं," पोस्टमन म्हणाला.

"तुम्ही बोंबलायचे थांबलात कधी?"

ती खुर्चीत बसली. रोज संध्याकाळी दार वाजायचं. एक बूट काढलेला, एक पायात, आत न बघताच तो विचारायचा, "आहेस ना?" ती आतून म्हणायची, "जाते कुठे!" कधी हसून, कधी वैतागून, कधी तोंडात पिन धरून. एखाद्या दिवशी ती गच्चीवर कपडे काढत असली आणि उत्तर गेलं नाही, तर हा बाबा एका बुटावर दारातच उभा. दवाखान्यातल्या त्या शेवटच्या दिवसांतही, डोळे मिटलेले असताना, त्यानं तेच विचारलं होतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, हे फक्त या घरातलं आहे.

"मग तुम्ही त्याला काय म्हणालात, भाऊजी?"

"मॅचनंतर तिथल्या बस स्टँडवर भेटलो. म्हटलं, चिकटून राहा, शिकतील ते. तर म्हणाला, त्यांचं काही चुकत नाही रे, पण मला चेंडू पोचलेला बघायला आवडतो. मैदान केवढं आहे त्याचं मला काही नाही." वाऱ्यानं कप खाली ठेवला. "दुसरा पगार झाल्यावर आलाच निघून."

"आणि हे तू आज सांगतोयस?" पाटीवाला उसळला. "इतकी वर्षं आम्ही त्या कोचला शिव्या घालतोय!"

"काय सांगू? की नकाशाचं माझ्यावाचून अडत होतं? तुम्हीच म्हणाला असता, आला मोठा शहाणा. आणि तुम्हाला काय, गुडघा आवडला होता, कोच आवडला होता. छान चाललं होतं तुमचं."

तिनं पदराशी चाळा केला, सोडला. मग जे स्वतःच्या नवऱ्याला कधी विचारलं नव्हतं ते त्याच्या मित्राला विचारलं.

"मुलगी रांगत होती तेव्हा दुसरा निरोप आला होता. त्याबद्दल काही बोलला होता?"

"हो तर. मीच मागे लागलो होतो, जा म्हणून. मला म्हणाला, तिकडे जाऊन पुन्हा कुणाला विचारत बसू? इथे घरी गेलं की उत्तर येतं. मी म्हटलं, असं काय मोठं उत्तर येतं रे?" वाऱ्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "तर म्हणे, 'जाते कुठे.'"

ती हसली. हसता हसताच उठून स्वयंपाकघरात गेली, आणि त्या निळ्या भिंतीला पाठ टेकून थोडा वेळ उभी राहिली. बाहेर पोस्टमन दबक्या आवाजात म्हणत होता, "आता तरी मान्य कर, कोच नव्हता." आणि पाटीवाला म्हणत होता, "तुझा गुडघा तरी कुठे होता?"

ती तोंड धुऊन बाहेर आली तेव्हा पाटीवाला पाटी पिशवीत कोंबत होता. "वितळवून टाकतो, वहिनी. नवी करतो."

"चांगलं पितळ वितळवताय कशाला? उलटी करा."

त्यानं पाटी उलटली. मागची बाजू कोरी होती.

"इथे कोरा. 'आहेस ना?' एवढंच. वेल-बिल नको."

"नाव?"

"ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बाकीच्यांना नाव कळून काय करायचंय?"

"आणि पुढचं हे? झाला असता वगैरे?"

"ते लाकडाच्या बाजूला जाऊ दे. राहू दे तिथे. तुमचंही काही खोटं नाही."

मग बाकडं कुठे ठेवायचं यावरून वाद झालाच. पोस्टमनला सावली हवी होती. पाटीवाल्याला कडेची मधली जागा हवी होती, नकाशा खेळायचा त्याच्या समोरची. वारा म्हणाला, उजवी कड, पार टोकाला, चेंडू जिथे पोचायचा तिथे. तिनं वाऱ्याला मत दिलं, म्हणून वाद मिटला. रंगाचा प्रश्नच नव्हता. माळ्यावर उदास निळ्याचा अर्धा डबा होता. वर साय धरली होती, ती काढून तिनंच ढवळला, आणि बघायचं म्हणून एक ठिपका डाव्या अंगठ्याच्या नखावर लावला.

बाकडं बसल्यावर काही दिवसांनी ती एकटीच तिकडे गेली. मैदानात मुलींचा सराव चालला होता. दोघी बाकड्यावर बसून बूट बांधत होत्या. एकीचं लक्ष पाटीकडे गेलं. बोटानं अक्षरं चाचपत तिनं मोठ्यांदा वाचलं, "आहेस ना?"

"आहे, आहे," दुसरी वर न बघताच म्हणाली. तिनं नाडीला गाठ मारली आणि मैदानाच्या मोकळ्या बाजूला धावत सुटली.