बाकापर्यंत गेलेली पावलं

माळीबुवा पहिल्यांदा नजरेत भरत ते उलटे चालताना. बागेच्या मागच्या कोपऱ्यातल्या पायवाटेवर बारीक खडी पसरलेली होती. फाटक उघडायच्या आधी ते तिच्यावर लांब दांड्याचं दाताळं फिरवत, आणि स्वतःचं एक पाऊलही उमटलेलं राहू नये म्हणून मागे मागे सरकत. टोकाला लोखंडी बाक लागला की थांबत आणि त्या रेघांकडे असे बघत, जसं एखादी आई लेकीच्या नुकत्याच घातलेल्या वेणीकडे बघते.

एवढी एकच मिजास. बाकी माणूस इतका गरीब, की रोपाला पाणी घालतानासुद्धा झारी हळू वाकवायचा.

त्यांची बायको मोठ्या लाँड्रीत इस्त्रीला होती, सकाळपासून रात्रीपर्यंत दोन पाळ्या. ती घरी परतायची तेव्हा माळीबुवांचा डोळा लागलेला असायचा. ते पहाटे निघायचे तेव्हा ती गाढ झोपेत. दिवसभरात दोघांची गाठ पडायची ती त्या बाकावर, फाटक उघडण्याआधीच्या अर्ध्या तासात. ती कामावर जाता जाता चहाचे दोन पेले घेऊन यायची आणि माळीबुवा तिला मागच्या दाराने आत घ्यायचे. वेळेआधी बाहेरच्या माणसाला आत घ्यायची सक्त मनाई होती. कळलं असतं तर दाराची किल्ली गेली असती, कदाचित नोकरीही.

पहिल्याच दिवशी तिची पावलं खडीवर उमटलेली पाहून माळीबुवांचा चेहरा पडला. तिने ते ओळखलं. तेव्हापासून परत जाताना ती पायवाटेच्या विटांच्या कडेवरून तोल सावरत जायची. येताना ते जमायचं नाही; दोन्ही हातांत गरम चहा, आणि कड जेमतेम वीतभर रुंद.

तोवर फाटक उघडायची वेळ झालेली असायची; पुन्हा दाताळं फिरवायला सवड नसायची, म्हणून माळीबुवा मागच्या वाफ्यांतून निघून जायचे. मागे उरायची ती बाकापर्यंत गेलेली बायकी पावलं. परतीचं एकही नाही.

हे आधी हेरलं ते रोज सगळ्यांच्या आधी फिरायला येणाऱ्या टोपीवाल्या काकांनी. दोन-तीन दिवस त्यांनी निरखून पाहिलं, मग फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसणाऱ्यांना सांगितलं. महिनाभरात त्या बाईला आयुष्य मिळालं, मरण मिळालं, एक फसवणारा प्रियकर मिळाला. कुणाला बाक गार लागला, कुणाला बांगड्या ऐकू आल्या. खरं तर इस्त्रीच्या वाफेत बांगड्या तापतात म्हणून माळीबुवांची बायको हातात काहीच घालत नसे. माळीबुवांना विचारलं की ते खाली बघून खुरपं चालवत. गप्प बसण्यात फायदा होता: बाकाकडे कुणी फिरकेना, रेघा दिवसभर जशाच्या तशा.

असं आठ वर्षं चाललं. मग कुणीतरी तक्रार केली, की पोरंबाळं घाबरतात. बागेच्या साहेबांनी हुकूम काढला: सोमवारी बाक उपटायचा आणि ती वाट कुंपण घालून बंद करायची.

माळीबुवांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. आठ वर्षांत पहिल्यांदाच. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. तिने पेला खाली ठेवला.

"म्हणजे आठ वर्षं मी मेलेली आहे, आणि मला पत्ता नाही?"

"अगं, तुला वाईट वाटेल म्हणून..."

"आणि तो प्रियकर? तो तरी बरा दिसतो का?"

मग मात्र तिला हसू आवरेना. हसून झाल्यावर ती बाकावरून हात फिरवत म्हणाली, की हा गेला तर आपण भेटायचं कुठे ते सांगा.

सोमवारी साहेब, पहारी घेतलेले दोन मजूर आणि अख्खा कट्टा जमला. माळीबुवांनी पायवाट नेहमीपेक्षा नीट विंचरली होती. तेवढ्यात फाटकातून त्यांची बायको आली, हातांत दोन पेले. सगळ्यांच्या देखत खडीवरून चालत बाकापर्यंत गेली, पेले ठेवले आणि विटांच्या कडेवरून परत आली. टोपीवाले काका वाकून पावलं बघत राहिले. डावं पाऊल किंचित आत वळलेलं. तेच.

"साहेब, ही माझी बायको," माळीबुवा म्हणाले. "दार मीच उघडत होतो. किल्ली घ्या, पण बाक राहू द्या."

साहेबांनी बराच वेळ रेघांकडे पाहिलं. मग किल्ली घेतली, लेखी ताकीद दिली आणि मजुरांना परत पाठवलं. चहा निवत होता. तो काकांनी पिऊन टाकला. आठ वर्षांची भीती वसूल केली, म्हणाले.

बाक राहिला, पण भूत गेलं. आता तो कधी रिकामा नसतो, आणि ती वाट दिवस उजाडताच तुडवली जाते. माळीबुवा तरीही रोज दाताळं फिरवतात. चहा दोघं फाटकाबाहेर, लाँड्रीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, उभ्यानेच पितात.