दोन सीटांची कंडम गाडी

त्या दिवशी पवनेवरून धुकं उठलं होतं, ते उन्हं वर आली तरी हलायला तयार नव्हतं. माघातली थंडी. चिंचवड स्टेशनाबाहेर आम्ही टांगेवाले घोंगड्या पांघरून बसलेलो. पुढच्या टांग्याचा घोडा नुसता फुरफुरताना ऐकू यायचा, दिसायचा नाही.

आमच्या स्टँडवर किस्से साठायचे, कारण एक रेल्वेगाडी गेली की दुसरी येईपर्यंत करायला काही नसायचं. घोडा लीद टाकतो आणि माणूस बोलतो. लीद शेतकरी पाट्या भरून न्यायचे. बोलणं तिथंच पडून राहायचं. त्यातलं सोपानच्या गाडीचं तेवढं सांगतो, कारण ते माझ्या घरावरून गेलेलं आहे.

तर त्या धुक्यातून एक लाल मोटार आली. बुटकी, टप नसलेली, दोनच माणसं बसतील अशी. आत मफलर गुंडाळलेला सोपान. हा माझा लहानपणापासूनचा दोस्त, लष्करी डेपोत फिटर. कुणा गोऱ्या साहेबाची ही शर्यतीची गाडी खंडाळ्याच्या घाटात उलटली होती. साहेब विलायतेला निघून गेला आणि गाडी कंडम ठरून लिलावात निघाली. सोपाननं ती उचलली आणि दोन वर्षं गोठ्यात ठोकून ठोकून चालती केली.

उतरला तो खोकतच. पुण्याच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढून वर्षभर दवाखान्यात पडून राहायला सांगितलं होतं. घरी बायको, दोन पोरी.

"धोंडिबा, ही तू घे," म्हणाला. "दुसऱ्या कुणी घेतली तर तोडून इकंल."

मलाही काहीतरी करणं भागच होतं. स्टेशनापासून गावात सरकारी बस सुरू झाली होती. दहा टांग्यांचं गिऱ्हाईक ती एका खेपेत उचलायची. माझी घोडी चंद्री म्हातारी झालेली, दुसऱ्या फेरीनंतर मागचा पाय ओढायची. बायको आदल्या वर्षी गेली होती. घरात मी आणि चंद्री. मोटार घेऊन भाड्यानं चालवावी, तर त्यासाठी आधी चंद्री आणि टांगा विकायला हवा. चाकणचा एक कांद्याचा व्यापारी तयार होता. पुढच्या शनिवारचा बाजार उरकून घोडी न्यायला येतो, असा त्याचा निरोप होता.

म्हणजे आठ दिवस होते.

* * *

आम्हा टांगेवाल्यांत जनावर घ्यायची एक रीत. आठ दिवस ते घेणाऱ्याच्या दारात बांधायचं. नवव्या दिवशी विकणाऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवायचा आणि चारचौघांत त्याच्या खोडी सांगायच्या. लाथ मारतं, लगाम चावतं, पाण्याला भितं, जे असेल ते. सांगितलेल्या खोडीची तक्रार नाही आणि लपवलेल्या खोडीला माफी नाही.

स्टँडवरचे सगळ्यांत जुने इसाकभाई म्हणाले, मोटार असली म्हणून काय झालं, रीत ती रीत.

मग त्यांनी गाडीभोवती तीन चकरा मारल्या. टायरवर थाप मारली. खाली वाकून पोट बघितलं. दात कुठं बघायचे म्हणून विचारलं, तेव्हा सोपाननं बॉनेट उघडून दिलं. इसाकभाई आत बराच वेळ बघत राहिले. मग हळूच बॉनेट लावलं आणि माझ्याकडे वळले.

"भावा, चारा काय खाते ते मला कळलं न्हाई. पण खायला बसली तर तुला उपाशी ठेवंल."

* * *

गाडी माझ्या अंगणात उभी राहिली. चंद्रीनं पहिल्या दिवशी तिच्याकडे पाठ केली आणि वैरणीला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेजारच्या भागूबाईची कोंबडी मात्र सीटवर जाऊन अंडं घालून आली.

भागूबाई कुडावरून अंडं मागायला आली. गाडीकडे बघून म्हणाली, चला, कुणाच्या तरी कामाला आली.

* * *

तिसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक मिळालं. पुनावळ्याला लग्न होतं आणि नवरदेवाला मोटारीतून मिरवायचं होतं. मला अजून चालवता येत नव्हतं, म्हणून सोपान चालवायला, शेजारी नवरदेव, मी मागच्या पत्र्यावर छत्री धरून. जाताना गाडी वाऱ्यासारखी गेली. थोडी डावीकडे ओढायची, तेवढंच.

लग्न लागलं आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं, की नवरीला बसायला जागाच नाही. मी उतरून उपयोग नव्हता, शालू नेसलेल्या नवरीला पत्र्यावर कोण बसवणार? सोपान उतरला तर चालवणार कोण? शेवटी नवरी करवलीबरोबर बैलगाडीत बसली आणि नवरदेव एकटाच मोटारीत.

नदीच्या उतारात मोटार पाण्यात बंद पडली. सोपाननं हँडल फिरवलं, फिरवलं आणि खोकत काठावर बसला. मागून बैलगाडी आली. दोर बांधला. पुढं बैल, मग नवरी, मग दोर आणि दोराच्या टोकाला बाशिंग बांधलेला नवरदेव, असे आम्ही चिंचवडात शिरलो. नवरीचा भाऊ बैलगाडीतून ओरडून म्हणाला, "दाजी, निवांत बसा. आजपास्नं असंच हाय."

भाडं मागायला माझी जीभ उचलली नाही.

* * *

पाचव्या दिवशी पुण्याला गेलो. भाड्यानं चालवायची तर सरकारचा परवाना लागतो. अक्षराशी माझी ओळख अंगठ्यापुरती, म्हणून कारकुनानंच कागद वाचून दाखवला. लिलावाच्या पावतीवर मोटार नव्हतीच. तिथं मोडीचं लोखंड लिहिलं होतं, मणात. लोखंडाला परवाना देता येत नाही, असं त्यानं शांतपणे समजावलं.

मी त्याला खिडकीशी नेलं. खाली गाडी उभी होती, सोपान तिच्या काचा पुसत होता. विचारलं, मग मी आलो तो कशात बसून?

"बाबा, ते मला दिसतंय," तो म्हणाला. "पण माझ्या टेबलावर दिसत नाही."

डेपोतून नवीन कागद आणा, अर्ज करा, सहा महिन्यांनी बघू, असं झालं.   

* * *

नववा दिवस उजाडला, तो शनिवारच. व्यापारी बाजार उरकून दुपारी यायचा होता. त्याआधी अंगणात स्टँडवरची चार माणसं जमली. सोपाननं बॉनेटवर हात ठेवला.

एकेक खोड सांगत गेला. डावीकडे ओढते, कारण घाटात कणा वाकलाय, तो सरळ होणार नाही. ओली झाली की ब्रेक लागत नाही. कागद नाही, तो मिळेलच असं नाही. काही लपवलं नाही. 

"आणि बिघडली तर दुरुस्त करणारा एकच माणूस हाय," म्हणाला. "त्यो परत यील का, ते मला सांगता येत न्हाई."

 मी सोपानच्या हातावर हात ठेवला आणि गाडी घेतो म्हणून शब्द दिला. दुसरं काय करणार होतो? बस होती, बिनामाणसाचं घर होतं आणि हा असा उभा होता.

* * *

दुपारी व्यापारी आला. चांगला माणूस. चंद्रीच्या मानेवरून हात फिरवला, टांग्याची चाकं बघितली, पसंत म्हणाला. तो बाहेरगावचा, म्हणून आठ दिवस बांधायची अट नव्हती, पण खोडी सांगायची आता माझी पाळी. मी चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती.

खोडी सांगायला लागलो. म्हणालो, नव्या वाटेला लागत नाही, कितीही ओढा, जुन्याच वाटेनं जाते. बसचा भोंगा वाजला की अंग थरथरतं. घरातलं माणूस दिसलं नाही की दोन दोन दिवस अन्नाला शिवत नाही. पहाटे उगाच जागी होते आणि दाराकडे बघत बसते. कुणी मायेनं हाक मारली तरी ओ देत नाही.

व्यापाऱ्याचा हात मानेवरून खाली आला.  मग म्हणाला, असलं दुखणाईत जनावर आपल्याला नको, आणि चाकणच्या रस्त्याला लागला.

सोपान ओट्यावर बसला होता. त्यानं सगळं ऐकलं. उठला, मफलर सारखा केला, हँडल मारलं. पहिल्याच फेऱ्यात गाडी सुरू झाली. माझ्याकडे न बघता तो लाल गाडी घेऊन गेला.

मी तिथंच उभा, हात चंद्रीच्या पाठीवर तसाच. कुडापलीकडे भागूबाई भांडी घासत होती. ती हातातली राख झटकत उभी राहिली.

"सगळ्या सोताच्याच सांगितल्यात, धोंडीभाऊ. घोडीची एक तरी हुती का त्यात?"