जिन्याखालचं मशीन
शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की लातूरची ती पहिली खोली आठवते. इथल्या एका शिकवणी क्लासमधल्या माझ्या नोकरीसाठी नवऱ्यानं कंधारचं टेलरिंगचं दुकान सोडलं होतं. महिनाही झाला नव्हता आणि क्लासच कायमचा बंद पडला. भर उन्हात घरी आले, तर हे खिडकीशी बसून मशीनला तेल घालत होते. "नोकरी गेली," मी म्हणाले. यांचा हात थांबला. "लई ऊन हाय, आधी पाणी पी," म्हणाले आणि जिना उतरले. खाली घरमालकीण चाचींना विचारतानाचा यांचा आवाज आला, "मशीन जिन्याखाली मांडू का? गिऱ्हाइकाला रस्त्यावरून दिसंल." "मांड की बेटा, इचारतो काय!" आज लातूरच आमचं गाव आहे. पण त्या दुपारी यांनी 'परत जाऊ' म्हटलं असतं, तर मी निमूट सामान बांधलं असतं.