शेवटून पहिली

आमच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी असतो. बाहेरच्या पाहुण्यांना हे समजावताना तोंड दुखतं, पण पिंपरीपासून चाकणपर्यंत बहुतेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारची, म्हणून लग्नाची बोलणी, केसांना मेंदी, माळ्यावरची झाडझूड, सगळं गुरुवारी. गुरुवारचा उपास धरणाऱ्यांची तेवढी पंचाईत. सुट्टी आहे आणि मटण नाही.

मुलांच्या संस्थेसाठीची धावसुद्धा त्यामुळेच गुरुवारी सकाळी ठेवली होती. रस्त्यावर ट्रेलर कमी, म्हणजे माझ्यासारखी म्हातारी चाकाखाली जाण्याची भीतीही कमी.

संस्था चाकणजवळ निघोजे गावाच्या कडेला आहे. मनाला मोठा धक्का बसलेली मुलं तिथं येतात. कुणी अपघात पाहिलेला असतो, कुणी घरातली मारहाण, कुणाचं माणूस सकाळी गेलेलं संध्याकाळी परतलेलंच नसतं. तिथल्या ताई त्यांच्याशी खेळत, चित्रं काढत त्यांची भीती हळूहळू सैल करतात. मला त्यातलं शास्त्र कळत नाही. मी आठवड्यातून दोनदा पुनावळ्याहून जाते आणि मुलांशी सागरगोटे खेळते. खेळताना लबाडी करते. मुलं मला पकडतात आणि फार खूश होतात. ताई म्हणतात, याचाही उपयोग होतो. माझ्या लबाडीचं कुणी कौतुक करावं, हे जन्मात पहिल्यांदाच घडलं.

धावणाऱ्यांचे ओळखीचे लोक त्यांच्या नावानं संस्थेला देणगी देतात, अशी पद्धत. अंतर पाच किलोमीटर, शेवट संस्थेच्या फाटकाशी. मी नाव दिल्यावर मुलगा म्हणाला, आधी डॉक्टरांना विचार. सून बूट आणून समोर ठेवत म्हणाली, पळा नाहीतर चाला, आई, पण चपला घालून जाऊ नका.

खरी गोष्ट मात्र एका नऊ वर्षांच्या मुलीची आहे. तिनं काय पाहिलं होतं ते इथं लिहीत नाही, ते तिचं आहे. चार माणसं जमली किंवा लाउडस्पीकर वाजला की ती आत जाऊन कपाटामागं बसायची. पळणाऱ्यांना पाणी कोण देणार असं ताईंनी विचारलं तेव्हा सगळ्या मुलांचे हात वर गेले. हिचा नाही. नंतर सागरगोटे झेलता झेलता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "आजी, तू समद्यात शेवटी येशील?"

"का गं?"

"समदे आत गेले की मी रस्त्यावर येईन. तुला पानी द्यायला. पण तुझ्या मागं कुणी असलं तर न्हाई."

स्वतःहून बाहेर येण्याचं ती पहिल्यांदाच बोलली होती. ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, शब्द देणार असाल तर पाळा, मोडलेले शब्द या मुलांनी पुष्कळ पाहिलेत. मी म्हटलं, शेवटी येण्यात माझा हात धरणारं या तालुक्यात कुणी नाही.

हे बोलताना मी स्वतःलाच विसरले होते. तरुणपणी मी चाकणला गाड्यांच्या वायरी जोडायच्या कंपनीत होते. बीडकडून नवी नवी आलेली, आणि ताठा असा, जणू कंपनी माझ्याच सासऱ्यांनी काढली होती. कंपनीच्या बसमध्ये पहिलं पाऊल माझं पडलं पाहिजे, खिडकी माझीच. हॉर्न ऐकला की एका हातात डबा, दुसऱ्या हातात निऱ्या आणि धूम. एकदा ही बया सगळ्यांच्या पुढं पळाली आणि दुसऱ्याच कंपनीच्या बसमध्ये ऐटीत खिडकीशी बसली. तिथल्या गेटवर वॉचमनशी भांडली, की तू मला ओळखत कसा नाहीस. तो बिचारा हजेरीचं रजिस्टर उलटंपालटं करतोय, बसमधल्या बाया पोट धरून हसतायत, आणि हिला वाटतंय वॉचमनला हसतायत. इतकी ती शहाणी.

तर त्या गुरुवारी मी ठरवल्याप्रमाणे सगळ्यांच्या मागं, रमतगमत निघाले. माझ्या थोडे पुढं आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ होते. निवृत्त, कंपनीत क्वालिटीला होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालात खोट काढल्यामुळे आता बिल्डिंगच्या जिन्यातही काढतात. गुडघे त्यांचेच खोटे निघाले, त्यामुळे तेही चालतच होते. मागं वळून म्हणाले, "काय वहिनी, दमलात?" मी हसून गिळलं. शब्द दिला होता ना.

तीन किलोमीटर नीट पार पडले. मग मागून कंपनीची बस आली. गुरुवारी ओव्हरटाइमवाल्यांची एखादी असतेच. ड्रायव्हरनं माणसं बघून हॉर्न दिला, तोच तो जुना, लांबलचक.

बाकीचे लोक कडेला सरले. मी पळाले. खरंच पळाले, अंगात पंजाबी ड्रेस, तरी हात निऱ्या धरायला खाली गेलेला. डोकं म्हातारं झालंय हे पायांना कुणी कळवलंच नव्हतं. क्वालिटीवाले मागं पडले, टोप्या घातलेली कॉलेजची पोरं मागं पडली, एक बाई बाळाची गाडी ढकलत होती तीही. बस निघून गेल्यावर मी थांबले. छातीत भाता चाललेला, समोर वळण, वळणापलीकडे फाटक. आणि माझ्या मागं माणसांची रांगच्या रांग.

त्या क्षणी स्वतःला दोन मुस्कटात द्याव्यात असं वाटलं. फाटकाआड एक पोर ग्लास धरून उभी असणार, आणि मी खिडकीची जागा पकडायला निघाले होते.

ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसले आणि बुटाची नाडी सोडायला लागले. सोडायची, बांधायची, पुन्हा सोडायची. लोक पुढं जात होते, पण आमची माणसं इतकी चांगली की बसलेल्या म्हातारीला कुणी सुखानं बसू देईना. एकीनं मीठ-साखरेचं पाणी आणलं, एकानं ॲम्ब्युलन्सला हात केला. सगळ्यांना हाकलत होते. शेवटी क्वालिटीवाले आले आणि माझ्या शेजारी बसले. म्हणाले, बाईमाणसाला रस्त्यात सोडून पुढं जाणं आमच्यात बसत नाही.

मी सांगून पाहिलं, विनवून पाहिलं. ते हलेनात. मग मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही पुढं गेलात तर एक पोर आज फाटकाबाहेर पाऊल टाकणार आहे. माझ्या मागं कुणी दिसलं तर टाकणार नाही."

गर्दीचं, लाउडस्पीकरचं, कपाटाचं, सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग कठड्याला धरून उठले, गुडघे कटकट वाजले. "फाटकाशी लावलेल्या लाउडस्पीकरचं काय?" म्हणाले. मला ते सुचलंच नव्हतं. माझ्या उत्तराची वाट न बघता ते लंगडत लंगडत पळायला लागले.

मागून आयोजकांची जीप आली. शेवटच्या माणसाच्या मागं राहायचा त्यांना नियम. आतल्या दोघांना मी, कंपनीत बायांवर देखरेख करणाऱ्या लाइन लीडरच्या आवाजात, सांगितलं की इंजिन बंद करा आणि मी वळणाआड होईपर्यंत इथून हलू नका. ते हलले नाहीत.

वळणाशी आले तेव्हा लाउडस्पीकर जोरात वाजत होता. मग मध्येच बंद पडला. नंतर कळलं, क्वालिटीवाल्यांनी निवेदकाशी वाद न घालता सरळ वायर उपटली होती.

फाटकाबाहेर कुणी नव्हतं. सगळे आत पोहे खात होते. फाटकाच्या दारामागून दोन डोळे माझ्या पलीकडे, लांब रस्त्यावर बघत होते.

"आजी, मागं कुणी हाय?"

"न्हाई गं. मीच शेवटची."

ती एक पाऊल बाहेर आली. थांबली. मला धावत जाऊन तिला कवेत घ्यावंसं वाटत होतं, पण पायांना म्हटलं, आज तुम्ही पुष्कळ शहाणपणा केलात, आता उभे राहा. ती दुसरं पाऊल चालली, मग एकदम रस्त्याच्या मधोमध आली. अर्धं पाणी तिच्या फ्रॉकवर सांडलं होतं. उरलेलं मी प्यायले, सावकाश.

एका दिवसात कुणी बरं होत नाही. नंतरही ती कधीमधी कपाटामागं जाते, खोटं कशाला सांगू. पण त्या दिवशी तिनं फाटकातून आत पाहिलं. क्वालिटीवाले पायरीवर धापा टाकत बसले होते.

"त्या आजोबांना पानी दिलं का कुणी?"

त्यांच्या बाजूला भरलेली बाटली मला स्पष्ट दिसत होती. "न्हाई," मी म्हटलं.

तिनं माठातून ग्लास भरला आणि भिंतीला घासत, पोहे खाणाऱ्यांच्या मधून वाट काढत निघाली. क्वालिटीवाल्यांनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं, बाटली हळूच पाठीमागं सरकवली आणि दोन्ही हात पुढं केले.